आधी रफ दाखवा

अमरावती जिल्ह्यातल्या वरूडला आमचा लहानसा छापखाना आहे. वडिलांनी तो पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावर सुरू केला, मी त्यात मिनी ऑफसेट आणले, आणि आज लग्नपत्रिका, बिलबुके, कृषी सेवा केंद्रांची पावतीपुस्तके आणि हंगामात संत्र्याच्या खोक्यांवर चिकटवायची लेबले असे काम त्यावर होते. त्यामुळे बारावीत असलेल्या मुलीने ग्राफिक कम्युनिकेशनची, म्हणजे आपल्याकडे जिला उपयोजित कला म्हणतात तिची, पदवी घ्यायचे मनावर घेतले, तेव्हा घरात सर्वांत मोठा विरोध माझा होता. मला मांडणीचे सॉफ्टवेअर कोरलड्रॉ येते, मराठी अक्षरजुळणीचे श्रीलिपी येते, छपाईची प्लेट कशी निघते ते ठाऊक आहे. जे काम मी तिला सहा महिन्यांत टेबलाशी बसवून शिकवू शकतो, त्यासाठी चार वर्षे आणि काही लाख रुपये कशाला घालवायचे, असे मला वाटत होते. माझ्या आईने हेच अधिक थोडक्यात विचारले : ‘‘चित्रं काढाले चार वर्षं लागतेत का रे?’’

मुलीजवळ सांगण्यासारखे फारसे नव्हते. कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला ‘अ’ श्रेणी मिळाली होती आणि त्याचे सात वाढीव गुण दहावीत जमा झाले होते. त्यापलीकडे त्या परीक्षेचा काही उपयोग असतो असे आमच्या गावात कोणी मानत नाही. ती एवढेच म्हणाली, ‘‘बाबा, नाही म्हणायचं तर म्हणा, पण पाहून म्हणा.’’ हे मला नाकारता आले नाही, कारण जुने यंत्र विकत घेताना मी स्वतः तेच करतो. विकणाऱ्याने काढून ठेवलेला नमुना मी कधी पाहत नाही. आपला कागद, आपली शाई आणि आपले काम घेऊन जातो आणि ते माझ्यासमोर छापून दाखवा म्हणतो. महाविद्यालयेही अशीच पाहायची ठरवून मी आमच्या संत्रा-लेबलाच्या दहा प्रती एका लिफाफ्यात घालून बॅगेत ठेवल्या.

पण यंत्राआधी त्याची कागदपत्रे पाहावी लागतात, आणि त्यातच पहिले ठिकाण गळले. नागपुरातल्या एका संस्थेच्या फलकावर ‘ग्राफिक डिझाइनमधील पदवी’ असे ठळक लिहिले होते. समुपदेशक म्हणवणाऱ्या तरुणाने आम्हाला थंड पाणी दिले, चकचकीत पुस्तिका दिली आणि प्रवेश आजच निश्चित केल्यास शुल्कात सूट देऊ केली. पदवी कोणत्या विद्यापीठाची, हा प्रश्न मी तीनदा विचारल्यावर उलगडले की संस्था स्वतः केवळ आपले प्रमाणपत्र देते आणि पदवी दुसऱ्या राज्यातील एका विद्यापीठाची असून ही संस्था म्हणजे त्याचे ‘केंद्र’ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत दर्जा मिळालेल्या विद्यापीठाला, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच असतो, आणि राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या खाजगी विद्यापीठाने आपल्या राज्याबाहेर अशी केंद्रे वाटू नयेत हे आयोगाने वारंवार जाहीर केले आहे. हे मला आधी माहीत नव्हते. मुलीने मोबाइलवर शोधून एसटी स्टँडवर वाचून दाखवले. तेव्हापासून आम्ही प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न पदवीच्या नावाचा ठेवला. आयोगाने मान्य केलेल्या नावांत बीएफए, बीव्हीए आणि बी.डेस. ही आहेत, ‘ग्राफिक’ हा शब्द विशेषीकरण म्हणून पुढे येतो. फलकावर तो कितीही मोठा असला तरी पदवीपत्रावर काय छापलेले असते, हे एखाद्या माजी विद्यार्थ्याचे पदवीपत्र पाहूनच कळते.

सरकारी बाजूचे चित्र तुलनेने सोपे निघाले. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कला महाविद्यालये आहेत. मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासूनचे, आणि त्यातील जाहिरातकलेच्या विभागातून १९६१ मध्ये सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय वेगळे झाले. मुंबईच्या या संस्थांना २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यामुळे तिथली पदवी कोणाच्या नावाने मिळणार, हेही नव्याने पाहावे लागले. उपयोजित कला हा विषय तंत्रशिक्षणात मोडतो हे मला नवीन होते, पण अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या १९८७ च्या कायद्यात तंत्रशिक्षणाची जी व्याख्या आहे तिच्यात अभियांत्रिकी, वास्तुकला यांच्याबरोबर ‘उपयोजित कला व हस्तकला’ असा स्पष्ट उल्लेख आहे. राज्याच्या सीईटी कक्षाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, बारावी कोणत्याही शाखेतून चालते, आणि परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान यांचा समावेश असतो. त्या परीक्षेविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. मुलीचा सराव होता, तिने ती दिली.

नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, श्रेणीबद्दल मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या ओळखीतले सगळे तिच्याच आधारे बोलत होते. ती श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, एखाद्या विभागाला नाही. ज्या महाविद्यालयात कला, वाणिज्य आणि विज्ञान यांच्या शेजारी दोन खोल्यांत उपयोजित कलेचा वर्ग भरतो, तिथल्या फाटकावरची उत्तम श्रेणी त्या दोन खोल्यांविषयी काहीच सांगत नाही. शिवाय तिला मुदत असते. एका ठिकाणी फाटकावर मिरवणाऱ्या श्रेणीची मुदत उलटून गेलेली होती, आणि हे फलकावरच्याच बारीक अक्षरांत लिहिलेले होते.

त्यानंतर मी अभ्यासक्रम छापून घेऊन दोन रात्री वाचला. रेखाटन, यथार्थदर्शन, अक्षरलेखन व टायपोग्राफी, इलस्ट्रेशन, छायाचित्रण, जाहिरातकला, मुद्रणनिर्मिती, संगणक-ग्राफिक अशी विषयांची नावे सगळीकडे थोड्या फरकाने तीच होती. छापखानेवाला म्हणून माझे लक्ष दोन विषयांवर गेले. एक मुद्रणनिर्मिती, आणि दुसरा अक्षरलेखन, तेही देवनागरी. इंग्रजी अक्षरांची वळणे शिकलेला मुलगा मराठी पत्रिका करायला बसला की काय होते, ते मी दर लग्नसराईत पाहतो. दोन ओळींतले अंतर तो इंग्रजीच्या हिशेबाने ठेवतो आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ मराठी मजकुरात जसाच्या तसा येतो, आणि राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढून ही अक्षरे कशी असावीत ते ठरवून दिले आहे, याची त्याला वार्ताही नसते. जुन्या श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे फुटतात ती कोणी तपासत नाही, आणि मग ‘शुभाशीर्वाद’मधला रफार भलत्याच अक्षरावर बसलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर वर्षानुवर्षे दिसत आलेला मंगल हा देवनागरी फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केला, हे मला मुलीकडून कळले. मी तो इतकी वर्षे फुकट वापरत होतो आणि त्यामागे कोणी माणूस असेल असा विचारही केला नव्हता.

या तयारीनिशी आम्ही पहिल्या खाजगी महाविद्यालयात गेलो. इमारत वातानुकूलित होती, संगणककक्षात ओळीने मॅक होते, आणि भिंतींवर विद्यार्थ्यांची पोस्टर्स सुरेख चौकटींत लावली होती. कॉफी, धावण्याचे बूट, हेडफोन आणि पुन्हा कॉफी. संपूर्ण मजल्यावर देवनागरीतला मजकूर मला एकाच ठिकाणी आढळला, आणि तो ‘कृपया पादत्राणे बाहेर काढावीत’ असा होता. शेवटच्या वर्षाच्या एका मुलाने फळांच्या रसाची जाहिरात केली होती आणि तिच्यात नारिंगी रंग अतिशय झळझळीत दिसत होता. हा रंग छापायचा कसा, असे मी त्याला विचारले. पडद्यावर दिसणारा रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचा असतो, छपाई मात्र निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईत होते. पडद्यावरचा तेजस्वी नारिंगी त्या चार शायांत बऱ्याचदा मळकट विटकरी होऊन उतरतो. संत्र्याच्या गावात लेबले छापणाऱ्या माणसाने यापायी किती कागद वाया घालवला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. पिवळी पूर्ण आणि किरमिजी अर्ध्याहून थोडी जास्त ठेवून निळसर शाईचा कणही येऊ दिला नाही, तर रंग पुष्कळ सावरतो. त्या मुलाला यातले काही ठाऊक नव्हते. त्याचे सर मदतीला आले आणि म्हणाले, ‘‘ते सगळं प्रेसवाला बघतो.’’ तो प्रेसवाला मीच, हे सांगण्याचा मोह मी आवरला.

मग मी लेबल काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते सौजन्याने पाहिले, छान आहे म्हणाले, थोडा ग्रेडियंट टाकून मॉडर्न करता येईल असेही सुचवले. भिंतीवरच्या पोस्टरांची रफ, म्हणजे अंतिम कामाआधीची कच्ची रेखाटने, पाहायला मिळतील का, अशी मी विनंती केली, तेव्हा रफ जमा करून घेत नाही, अंतिम काम पेनड्राइव्हवर घेतो, असे उत्तर मिळाले. शुल्क वर्षाला सव्वा लाखाच्या घरात होते, आणि शंभर टक्के नोकरीची हमी पुस्तिकेत होती. मात्र पाच वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या मुलांपैकी कोणाशी बोलता येईल का, या प्रश्नावर कार्यालयाने आमचा मोबाइल क्रमांक लिहून घेतला आणि नंतर कधीही फोन केला नाही.

दुसऱ्या महाविद्यालयात आम्ही वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी पोहोचलो. इमारत जुनी, पंखे कुरकुरणारे, संगणक आमच्या छापखान्यातल्यांपेक्षाही जुने. मुलीचा चेहरा जरा उतरला, हे मी पाहिले. पण इथे प्रत्येक कामाच्या खाली सुतळीने बांधलेला रफ कागदांचा गठ्ठा टांगलेला होता, आणि तो चाळायला मनाई नव्हती. मी तासाभराहून अधिक वेळ ते गठ्ठेच चाळत होतो. एका मुलीने कापसाच्या बियाण्याचे पाकीट केले होते. आमच्या भागात मृगाआधी ज्या पाकिटांसाठी रांगा लागतात, तसले. पहिल्या आठ-दहा रफांत बोंडांची चित्रे होती, नंतर बोंडे कमी होत गेली आणि अक्षरे मोठी होत गेली. एका कागदावर पाकिटाच्या कडेला हिरवी पट्टी होती आणि तिच्याशेजारी शिक्षकाने लाल पेनाने लिहिले होते : ‘हिरवीच का?’ त्या मुलीने हिरवा रंग शेताला शोभतो म्हणून घेतला होता. त्या एका प्रश्नामुळे ती कृषी सेवा केंद्रात गेली आणि तिला कळले की बियाण्याच्या खूणचिठ्ठीचे रंग ठरलेले असतात. पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणित बियाण्याला निळी आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवी चिठ्ठी असते. पाकिटावर मनाला येईल तो रंग प्रमुख केला, तर शेतकऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. पुढच्या रफांत ती पट्टी नाहीशी झाली होती. हे पाकीट कुठे छापले जाईल, असे मी तिला विचारले, तेव्हा चिठ्ठीवर मजकुरासाठी किती जागा सोडली आहे आणि बारीक अक्षरे एकाच शाईत का ठेवली आहेत, ते तिने मला सांगितले. चार शायांत उलटी, म्हणजे रंगीत पृष्ठावर कोरी सोडून, काढलेली बारीक अक्षरे रजिस्टर, म्हणजे शायांची एकमेकींवरची नेमकी जागा, केसभर हलले की भरून जातात. हे मला शिकायला तीन वर्षे लागली होती आणि बरेच गिऱ्हाईक गेले होते.

त्या वर्गाच्या सरांना मी लेबल दिले. त्यांनी ते हातभर लांब धरले, मग उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला फळ्याच्या खाली टेकवून ठेवले आणि परत येऊन माझ्या शेजारी बसले. ‘‘हे कोण वाचतं?’’ त्यांनी विचारले. मी म्हणालो, व्यापारी. ‘‘कुठे? दुकानात की ट्रकमध्ये?’’ माल कुठवर जातो, असे विचारल्यावर मी सांगितले की वरूड-मोर्शीची संत्री दिल्लीकडे जातात, बांगलादेशातही जातात. तिथला हमाल यातले कोणते अक्षर ओळखतो, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. शेवटी त्यांनी विचारले की खोक्यांची थप्पी लागल्यावर हे लेबल दिसते का. मी ते कित्येक वर्षे खोक्याच्या झाकणावर चिकटवण्याच्या मापाने छापत आलो आहे, कारण पहिल्या व्यापाऱ्याने तसे मागितले होते. थप्पी लागल्यावर झाकण दुसऱ्या खोक्याखाली जाते, हे मी रोज पाहत होतो आणि तरी माझ्या ध्यानात आले नव्हते. सरांनी तिथे उभ्या असलेल्या दोन मुलांना हाक मारली, आणि दहा मिनिटांत त्यांनी खोक्याच्या अरुंद बाजूवर बसणाऱ्या लेबलाची सहा थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रे, काढली. त्यांतली चार टाकाऊ होती, आणि ती का टाकाऊ आहेत हे सरांनी माझ्यासमोर, मुलांची भीड न ठेवता, पण आवाज न चढवता सांगितले. मी सहा महिन्यांत मुलीला काय शिकवले असते, त्याचा हिशेब माझ्या मनात तिथेच बदलला. मी तिला लेबल कसे छापायचे ते शिकवले असते; ते झाकणावर का, हे मलाच कुणी विचारलेले नव्हते.

उणिवाही तिथे होत्या आणि त्या मी वहीत लिहून आणल्या. मुद्रणनिर्मिती शिकवणारी जागा रिकामी होती आणि तो विषय तासिका तत्त्वावर येणाऱ्या एका शिक्षकावर चालला होता. त्यांच्याकडच्या छोट्या यंत्रावर धूळ होती, आणि ती काही आठवड्यांची नव्हती. वसतिगृहात जागा मिळेलच असे नव्हते. पण छपाईची उणीव आमच्या घरी भरून निघण्यासारखी होती. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत ती आमच्या यंत्रावर उभी राहिली तर त्या विषयापुरते तिला पुरेसे मिळेल. ज्या घरात छापखाना नाही, त्याने हीच उणीव वेगळ्या वजनाने मोजावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

माजी विद्यार्थ्यांपैकी तिघांशी आम्ही फोनवर बोललो. एकजण पुण्यात जाहिरातसंस्थेत होता, एकजण नागपुरातल्या पॅकेजिंगच्या कारखान्यात, आणि एकीने नोकरी सोडून प्रवेश परीक्षेचे वर्ग सुरू केले होते. तिघांनीही सांगितले की पहिल्या नोकरीत गुणपत्रिका कोणी पाहिली नाही, पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संच, पाहिला, आणि पहिला पगार ऐकून घरचे नाराज झाले. मग पदवी कशाला, असे मी विचारले. पॅकेजिंगमधला म्हणाला की पुढे पदव्युत्तर शिक्षण किंवा सरकारी जागा यांसाठी तो कागद लागतोच. आणि मग थोडे थांबून म्हणाला, ‘‘काका, चार वर्षं रोज कुणीतरी आपलं काम नाही म्हणतं. ते घरी कोण म्हणणार?’’

खर्चाचा भाग मला वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला, पण त्यासाठी कागद बारकाईने वाचावे लागले. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी राज्याने २०२४-२५ पासून दिली आहे. ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच लागू होते, व्यवस्थापन कोट्याला नाही, आणि खाजगी अभिमत व स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे तीतून वगळलेली आहेत. चकचकीत पुस्तिकांपैकी दोन या एका वाक्याने बाजूला पडल्या. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आमचे तीन एकर संत्र्याखाली असल्याने तिचाही अर्ज केला. तहसिलीतून उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर काढायला माझे चार दिवस गेले, ते वेगळे. माफीत न बसणारा खर्च म्हणजे राहणे, जेवणे आणि साहित्य. यांतल्या साहित्याबद्दल कोणीही आधी सांगत नाही. कार्ट्रिज पेपर, पोस्टर कलर, माउंट बोर्ड, प्रिंट आणि सबमिशनच्या आठवड्यात होणारी धावपळ धरून महिन्याला दोन हजार बाजूला ठेवा, असे तिघाही माजी विद्यार्थ्यांनी सांगितले.

पसंतीक्रम भरताना आम्ही जुन्या इमारतीला पहिला क्रमांक दिला, दुसऱ्यावर एक असे महाविद्यालय ठेवले जिथे देवनागरी अक्षरलेखन दोन वर्षे शिकवतात, आणि वातानुकूलित मजला यादीत घेतलाच नाही. आईने यादी पाहून विचारले की सगळ्यात चांगली इमारत कुठे गेली. तिला समजावणे मला आजही जमलेले नाही. दुसऱ्या फेरीत मुलीला पहिल्या पसंतीची जागा मिळाली.

प्रवेश झाला त्याच दिवशी सीताबर्डीला साहित्य घ्यायला गेलो. यादीत ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, बोरू, टाकांचा संच, ब्रश आणि बारा रंग होते. दुकानदाराने दोनदा विचारले की या कोर्सला लॅपटॉप घेणार ना, त्यांच्याकडे हप्त्याची सोय आहे. अभ्यासक्रम दोन रात्री वाचलेला असल्यामुळे पहिल्या वर्षी त्याचे काम जवळजवळ नाही हे मला ठाऊक होते, म्हणून ती खरेदी दुसऱ्या वर्षावर ढकलली. बोर्ड टपावर टाकायला वाहक तयार नव्हता. तो दोघांच्या गुडघ्यांवर आडवा धरून आम्ही काटोलमार्गे रात्री नऊला वरूडला पोहोचलो.